परकाराने आखलेला देश : गांबियातले सात दिवस

दिवस पहिला – डकार ते बांजुल

साताऱ्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. आफ्रिकेचा कोरा नकाशा भरून आणायला दिला की निम्म्या वह्यांतून गांबिया गायब असायचा. पोरं सेनेगल रंगवायला घ्यायची आणि त्या भरात मधली बारीक पट्टीही रंगवून टाकायची. मी लाल पेनाने गोल करून वही परत पाठवायचे. निवृत्त झाल्यावर डकारला नोकरीसाठी गेलेल्या भाच्याने विचारलं, "मावशी, येतेस का?" तेव्हा मी पहिली अट घातली ती त्या लाल गोलाची. डकार मागाहून बघू, आधी गांबिया.

पिवळ्या तापाची लस मुंबईतच टोचून घेतली. तिचं कार्ड जवळ नसलं तर परतताना आपल्याच विमानतळावर अडकायला होतं. जानेवारीचा शेवट होता. सहाराकडून येणाऱ्या हरमतान वाऱ्यामुळे आकाश राखेच्या रंगाचं आणि सूर्य दुपारीसुद्धा डोळ्यांनी थेट बघता येईल असा.

सकाळी सहाला निघालो. गाडी भाड्याची आणि ड्रायव्हर गांबियातल्या ब्रिकामा गावचा. मांडिंका त्याच्या घरची भाषा, वोलोफ बाजाराची, फ्रेंच सेनेगलच्या पोलिसांसाठी आणि इंग्रजी आमच्यासाठी. भाचा मला मावशी म्हणतो हे ऐकून त्याने तेच माझं नाव आहे असं धरलं. पुढचे सात दिवस प्रत्येक चौकीवर माझी ओळख 'मॅडम मावशी' अशी करून देण्यात आली.

काओलाक शहराजवळ भुईमुगाच्या शेंगांचे ढीग दिसले. दुमजली घराएवढे, आणि त्यांवर पाठीवर पोती घेऊन चढणारी माणसं. शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची. ती इथेही बाहेरून आली, आपल्याकडेही बाहेरूनच आली. पण आपल्याकडे ती बाकीच्या पिकांत मिसळून गेली. इथे तिने सगळा प्रदेशच ताब्यात घेतला.

कारांगला सीमा. एका टेबलावर 'बाँजूर' आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या टेबलावर 'हाउ आर यू'. दोन्ही टेबलांमागचे शिपाई मात्र एकमेकांशी वोलोफमध्ये गप्पा मारत होते. पुढे बारा या गावी फेरीबोटीची रांग. नदीच्या मुखाशी आलो होतो. इथे पैलतीर म्हणजे क्षितिजावरची पुसट रेघ. अंतर पाचेक किलोमीटर. रांगेत साडेतीन तास गेले. तेवढ्यात मी फोर्ट बुलन पाहून आले. इंग्रजांनी १८०७ साली गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला, त्यानंतर गुलाम नेणारी जहाजं नदीबाहेर पडू नयेत म्हणून अलीकडे हा किल्ला आणि पलीकडे बांजुलला सहा तोफांचा मोर्चा उभारला. त्याआधी दीडशे वर्षं याच मुखातून इंग्रजांचीच जहाजं माणसं भरून बाहेर पडत होती.

फेरीत ट्रक, शेळ्या, गाद्या, लग्नाचं वऱ्हाड आणि आम्ही. पाण्याला समुद्राचा वास होता, रंग मात्र नदीचा.

दिवस दुसरा – बांजुल

राजधानी म्हणून मनात जे काही उभं राहतं, त्यातलं इथे थोडंच आहे. बांजुल हे नदीमुखातलं बेट. शहराला वाढायला जागा नाही, त्यामुळे देशाची गर्दी पलीकडच्या सेरेकुंडात भरते आणि राजधानी संध्याकाळी पाचला पेंगायला लागते. १८१६ साली अलेक्झांडर ग्रँट या कप्तानाने इथे ठाणं वसवलं आणि वसाहतमंत्र्याच्या नावावरून त्याला बॅथर्स्ट म्हटलं. बांजुल हे नाव परत आलं १९७३ मध्ये.

देशाचं नाव अधिकृतपणे 'द गांबिया' असं लिहितात. १९६४ साली झांबियाही स्वतंत्र होत होता आणि दोन नावांची गल्लत नको म्हणून हे 'द' मुद्दाम राखलं. गांबिया स्वतंत्र झाला १८ फेब्रुवारी १९६५ रोजी. क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याहून जरासा मोठा. लोकसंख्या २४ लाखांच्या घरात. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा हा सर्वांत लहान देश.

शहराच्या तोंडाशी 'आर्च २२' नावाची ३५ मीटर उंच कमान आहे. हे २२ म्हणजे २२ जुलै १९९४. त्या दिवशी याह्या जामे या एकोणतीस वर्षांच्या लेफ्टनंटने दाउदा जावारा यांचं सरकार उलथवलं. जावारा पेशाने गुरांचे डॉक्टर. तीस वर्षांच्या आसपास त्यांनी देश चालवला. जामेने बावीस वर्षं चालवला आणि अल्लाची इच्छा असेल तर अब्ज वर्षं चालवीन असं सांगून ठेवलं होतं. कमानीखाली उभं राहून मी ड्रायव्हरला विचारलं, मग गेला कसा? तो म्हणाला, "गोट्यांनी."

ही गोष्ट त्याने अल्बर्ट मार्केटमध्ये अंबाडीचं सरबत पीत सांगितली. (इथे त्याला वोंजो म्हणतात. आपण पाल्याची भाजी करतो त्या अंबाडीच्या कुळातल्याच लाल बोंडांचं. थंडगार, गडद लाल आणि दाताला झिणझिण्या येतील इतकं गोड.) गांबियात स्वातंत्र्याच्या सुमारापासून मतदान कागदावर होत नाही. उमेदवारागणिक एकेक पत्र्याचा पिंप असतो, त्यावर रंग आणि उमेदवाराचा फोटो. मतदाराच्या हातात काचेची एक गोटी देतात. ती पिंपाच्या नळीतून आत सोडली की आतली घंटा एकदाच टिण् करते. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्याला कळतं, मत पडलं. दोनदा वाजली तर काहीतरी काळंबेरं. गोटी खाली पडल्यावर आवाज होऊ नये म्हणून तळाला वाळू किंवा भुसा घालतात. आणि सायकलच्या घंटीने घोटाळा नको म्हणून मतदान केंद्राजवळ सायकलला बंदी.

डिसेंबर २०१६ मध्ये याच गोट्यांनी आदामा बॅरो निवडून आले. जामेने आधी हार मानली, आठवड्याभरात शब्द फिरवला. शेवटी जानेवारीत शेजारी देशांच्या फौजा सीमेवर येऊन ठेपल्या. बॅरोंनी अध्यक्षपदाची शपथ घेतली ती डकारमध्ये, स्वतःच्याच देशाच्या वकिलातीत, आणि जामे विषुववृत्तीय गिनीला निघून गेला. "पिंपात दगड टाकला असता तरी त्यांनी मोजला नसता असं आम्हाला वाटायचं," ड्रायव्हर म्हणाला. "पण त्यांनी मोजलं."

दुपारी राष्ट्रीय संसदेची नवी इमारत बाहेरून पाहिली. ती भारताने दिलेल्या कर्जातून बांधलेली आहे. २०१९ साली राष्ट्रपती कोविंद इथे भाषण करून गेले, हे रखवालदाराने आपणहून सांगितलं.

दिवस तिसरा – कुंटा किंटे बेट

डेंटन पुलापासून होडी. पुलाखाली बायका होड्या घेऊन तिवरांत शिरत होत्या. तिवरांच्या मुळांना कालवं चिकटलेली असतात, ती कोयत्याने सोडवायची, उकडायची आणि शिंपल्यांचे ढीग जाळून चुना करायचा. किनाऱ्यावर ते पांढरे ढीग माणसाच्या उंचीचे होते.

वरच्या अंगाला तीसेक किलोमीटर गेलं की पाण्याच्या मधोमध एक ठिपका लागतो. एवढंसंच? असं माझ्या तोंडून निघून गेलं. पडक्या भिंती, काही गंजक्या तोफा आणि भिंतींहून जाड बुंध्यांच्या गोरखचिंचा. वसईच्या किल्ल्यात आपण जी गोरखचिंच बघतो तिचं मूळ घर आफ्रिका. इथे ती आपल्याकडच्या बाभळीइतकी साधी. पानं गळून गेली होती आणि उंदरासारखी फळं शेपटीने लटकत होती.

बेट आज आहे त्याच्या सहापट तरी मोठं होतं. बाकीचं नदीने खाल्लं. पंधराव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगालच्या जहाजांमधून पहिले युरोपी लोक इथे पोहोचले. त्यांचा एक खलाशी तापाने मेला, त्याला इथे पुरलं आणि त्याच्या नावावरून हे सेंट अँड्र्यूचं बेट झालं. त्यानंतर इथे किल्ला बांधणाऱ्यांचं नाव ऐकून मला हसू आलं. कुरलँड! आजच्या लाटव्हियातली एक डची, म्हणजे ड्यूकचं छोटंसं राज्य. स्वतःच्या घरी ज्यांना पोलंड-स्वीडनच्या भांडणात श्वास घ्यायला जागा नव्हती, त्यांनी १६५१ साली पश्चिम आफ्रिकेत किल्ला बांधला. दहा वर्षांत इंग्रजांनी तो बळकावला आणि राजाच्या भावाचं, जेम्सचं, नाव दिलं. मग फ्रेंचांनी घेतला, इंग्रजांनी परत घेतला, पुन्हा फ्रेंच. पैलतीरावर आल्ब्रेडाला १६८१ पासून फ्रेंचांची वखार होतीच. म्हणजे एका तीरावरून दुसऱ्याचं दुकान दिसत होतं, आणि दोन्ही दुकानांत माल एकच होता.

तो माल म्हणजे माणसं, हे होडीतल्या गाइडने आवाज न चढवता सांगितलं. सुरुवातीला मेण, कातडी, हस्तिदंत आणि सोनं. पुढे पुढे बहुतेक माणसंच. आतल्या मुलखातून नदीने खाली आणायची, या बेटावर कोंडायची आणि जहाज भरलं की अटलांटिकपार. बेटावर पिण्याचं पाणी नाही, तेही पैलतीरावरून आणावं लागे. मी भूगोलाच्या तासाला 'नद्यांमुळे व्यापार वाढतो' असं किती वर्षं शिकवलं, कुणास ठाऊक. वाक्य चूक नाही. व्यापार वाढलाच होता.

आल्ब्रेडाला लागून जुफुरे गाव. १९७६ सालच्या एका अमेरिकन कादंबरीत लेखकाने आपला पूर्वज कुंटा किंटे याच गावचा असल्याचं सांगितलं, आणि गावाचं नशीब पालटलं. त्या वंशावळीवर इतिहासकारांनी पुढे बऱ्याच शंका घेतल्या. पण २०११ मध्ये सरकारने बेटाचं नावच कुंटा किंटे करून टाकलं. त्याआधी २००३ मध्येच ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं होतं. गावात किंटे आडनावाचं घर दाखवतात, फोटोचे पैसे मागतात, लहान मुलं हात धरून पेन मागतात. आमच्याबरोबरचे एक युरोपी पर्यटक यावर वैतागले. मला नाही वैतागता आलं. ज्या गावातून इतकं नेलं, त्याने एक पेन मागितलं तर काय झालं? पर्समधला लाल पेन एका पोरीला देऊन टाकला.

रात्री दोमोदा खाल्ला. शेंगदाण्याच्या कुटाच्या दाट रश्शात शिजवलेलं मांस आणि भात. मी मांस खात नाही म्हटल्यावर भोपळा घालून वेगळा करून दिला. आमच्याकडच्या दाण्याच्या आमटीची ही थोरली बहीण, टोमॅटो आणि मिरची जास्त घातलेली.

दिवस चौथा – दक्षिण तीराने आत

तीनशे किलोमीटर. पूर्वी बांजुलहून नदीने वरपर्यंत आगबोट जायची. टपाल, बाजार, दवाखाना सगळं तिच्यावर. ती १९८४ साली बुडाली, आणि तेव्हापासून नदीचा देश रस्त्याने प्रवास करतो.

ब्रिकामाला ड्रायव्हरच्या घरी चहा. इथली नमस्काराची रीत सावकाश असते. "सुमोलु ले?" म्हणजे घरची माणसं कुठे आहेत? उत्तर ठरलेलं, "इबे जे". तिथंच आहेत. मग आई, मग वडील, मग मुलं, मग काम. प्रत्येकाची चौकशी आणि प्रत्येकाला तेच उत्तर. नंतर चहा. अताया म्हणतात, चिनी हिरवी पत्ती, मूठभर साखर, कोळशावर छोटी किटली, आणि एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस काढायचा. तीन फेऱ्या होतात, दीड तास जातो. भाच्याने दोनदा घड्याळ बघितलं, मी त्याला कोपराने ढोसलं.

पुढचा रस्ता सपाट. इतका सपाट की देशातला सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून साठ मीटरच्या आसपासच भरतो. नदी गिनीच्या फुता जालोन डोंगरात उगम पावते, ११०० किलोमीटरांहून जास्त वाहते, पण या देशात शिरेपर्यंत तिचा सगळा उतार संपलेला असतो. त्यामुळे इथे समुद्र नदीत शिरतो. पाऊस जून ते ऑक्टोबर. उरलेल्या कोरड्या महिन्यांत खारं पाणी दोनशे किलोमीटरच्या आसपास आत येतं आणि भरती-ओहोटी त्याच्याही पुढे जाते. समुद्रापासून इतक्या आत तिवरं उभी आहेत हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण सोमा गाव जवळ आलं तरी ओढ्याकाठी ती दिसतच होती. कृष्णेच्या काठी वाढलेल्या बाईला नदी एकाच दिशेला वाहते एवढं तरी खात्रीने ठाऊक असतं. इथे तेही नाही.

वाटेत सगळीकडे भुईमूग. हा व्यापार सुरू झाला १८३० च्या सुमारास. गुलामांचा धंदा बंद पडला होता आणि युरोपात साबणाला व दिव्याला तेल हवं होतं. शेंगा प्रामुख्याने फ्रान्सला जायच्या. माली, सेनेगलकडून दरवर्षी पेरणीला मजूर यायचे. त्यांना कागदोपत्री 'परके शेतकरी' म्हणत. आठवड्याचे काही दिवस मालकाच्या शेतात, उरलेले दिवस स्वतःच्या वाट्याच्या तुकड्यात. नगद पैसा आला, तसा भात मागे पडला. भात बायका लावायच्या, नदीकाठच्या दलदलीत, आणि शेंगा पुरुष लावायचे, वरच्या कोरड्या जमिनीत. सरकार, व्यापारी, सावकार सगळ्यांचं लक्ष वरच्या जमिनीकडे. आज इथे ताटात भाताशिवाय काही नसतं आणि त्यातला बराचसा तांदूळ जहाजाने येतो. आपल्याकडे ऊस आणि ज्वारीचं जे झालं, त्याचं वर्णन मी करायला नको.

दिवस पाचवा – माकडांची बेटं आणि वासूचे दगड

मुक्काम जान्जानबुरेला, नदीतल्याच एका बेटावर. पहाटे होडीने खाली निघालो. पाणी इथे गोडं, काठाला ताडं आणि वेली. कुंतौरच्या आसपास पाच बेटांचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९७९ पासून तिथे चिंपांझींना मोकळं सोडलंय. शिकाऱ्यांकडून, पिंजऱ्यांतून, पाळणाऱ्यांकडून सोडवून आणलेले ते आणि त्यांची पुढची पिढी मिळून आता शंभराहून जास्त. माणसाला बेटावर पाय ठेवायला बंदी. ठरल्या अंतरावर होडीचं इंजिन बंद केलं आणि झाडीतून एक म्हातारा नर पुढे येऊन बसला. त्याने आम्हाला बघितलं, आम्ही त्याला. तो आधी कंटाळला.

पाणघोड्याचे फक्त कान दिसले. भाच्याने त्या कानांचे चाळीस फोटो काढले.

कुंतौरचं बंदर बघून मात्र मी थबकले. मोडके धक्के, शेंगांची ओस गोदामं, पत्रे उडालेले. समुद्रातली मोठी जहाजं एके काळी इथवर, जवळजवळ अडीचशे किलोमीटर आत, येऊन शेंगा भरून जायची. आफ्रिकेत इतक्या आत थेट जाता येईल अशा नद्या थोड्या. बहुतेक नद्या पठारावरून उतरताना किनाऱ्याजवळच धबधबे टाकतात. या नदीसाठी दोन साम्राज्यं का भांडली, ते त्या ओस धक्क्यावर नीट कळतं.

तिथून वासू थोडंच. वासूची शिलावर्तुळं म्हणजे मला या सहलीतला सर्वांत मोठा ऐवज वाटला. उघड्या माळावर माणसाच्या उंचीचे, काही अडीच मीटरपर्यंतचे, गुळगुळीत घडवलेले खांब गोल करून उभे. एकेका वर्तुळात आठ ते चौदा. नदीच्या उत्तरेला साडेतीनशे किलोमीटर लांब आणि शंभर किलोमीटर रुंद पट्ट्यात अशी हजारावर स्मारकं आहेत. त्यांतले चार समूह, दोन सेनेगलमधले आणि दोन इथले, २००६ मध्ये जागतिक वारसा ठरले. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून सोळाव्या शतकापर्यंतचा काळ सांगतात. म्हणजे एखाद्या राजाची हौस नव्हे, अठराशे वर्षं चाललेली रीत. खाली दफनं सापडली आहेत. बांधणारे कोण, याचं उत्तर आज तिथे राहणाऱ्या कुठल्याच जमातीकडे नाही.

मी खांबाला हात लावला आणि हातच ओळख सांगून गेला. जांभा! कोकणात विहिरीपासून देवळापर्यंत ज्याचं सगळं बांधलंय तो. लॅटेराइट हे नावसुद्धा १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातला हाच दगड बघून दिलं. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. पण कोकणात चिरे काढतात. इथे सात-सात टनांचा अख्खा खांब एकसंध काढलाय, लोखंडी हत्यारांनी. मध्येच एखादा तुटला की वाया. मी पहारेकऱ्याला हा आमच्याकडचाच दगड आहे म्हटलं, तर तो हसून म्हणाला, "मग तुमच्याकडे वर्तुळं का नाहीत?"

खांबांच्या डोक्यावर लोक छोटे खडे ठेवतात, इच्छा बोलून. मी पण ठेवला. काय मागितलं ते सांगायचं नसतं.

दिवस सहावा – जान्जानबुरे

इंग्रज याला मॅकार्थी बेट आणि जॉर्जटाउन म्हणत. धक्क्याजवळची एक पडकी इमारत 'गुलामांचं घर' म्हणून दाखवतात, अंधारं तळघर, भिंतीत कड्या. इमारत गुलामांच्या व्यापाराला बंदी आल्यानंतरची आहे, व्यापाऱ्याचं गोदाम. हे गाइडला सांगावं की नाही यावर भाच्याचं आणि माझं कुजबुजत भांडण झालं. मी सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक आहे मॅडम मावशी. पण खरी घरं लाकडाची होती, ती राहिली नाहीत. लोकांना काहीतरी बघायला लागतं." शिक्षकाने यावर काय बोलायचं?

कारांताबा गावचा स्तंभ धूळ खात जाऊन पाहिला. मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी डिसेंबर १७९५ मध्ये तिथून नायजर नदी शोधायला निघाला. नायजर पूर्वेकडे वाहते हे त्याने युरोपला सांगितलं. नायजरकाठच्या लोकांना अर्थातच ते ठाऊक होतं. जाऊन-येऊन अर्धा दिवस गेला, स्तंभ बघायला चार मिनिटं लागली.

संध्याकाळी आंब्याखाली अतायाची मैफल. मी इंडियाची म्हटल्यावर एक पिकल्या दाढीचे गृहस्थ म्हणाले, माझे वडील इंडियात होते, मग बर्मात. दुसऱ्या महायुद्धात गांबिया रेजिमेंटची तुकडी ८१व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनबरोबर १९४३ साली भारतात आली आणि तिथून अराकानच्या कलादान खोऱ्यात जपान्यांशी लढली. त्या खोऱ्यात गाडीवाट नव्हती. सगळा दारूगोळा या लोकांनी डोक्यावरून वाहिला. "ते परत आले," म्हातारबाबा म्हणाले, "पण तिथल्या पावसाबद्दल कधी बोलायचे नाहीत."

त्याच अराकानला आज राखाइन म्हणतात. तिथल्या रोहिंग्यांच्या कत्तलींबद्दल नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचणारा देश कोणता, तर गांबिया. सगळ्या बड्या देशांना सोडून हाच का, असं मी तेव्हा वर्तमानपत्र वाचताना म्हटलं होतं. म्हातारबाबांना मी हे विचारलं. ते म्हणाले, आम्ही नुकतेच आमच्या जामेच्या तावडीतून सुटलो होतो.

दिवस सातवा – उत्तर तीर, पूल आणि सीमा

छोट्या फेरीने उत्तर तीरावर आलो आणि पश्चिमेला निघालो. आज देश सोडायचा होता, पण त्याआधी फराफेन्नीहून खाली वळून पूल बघायचा होता.

पुलाआधी थोडं सीमेबद्दल. शाळेत मी सांगायचे, नदीच्या मध्यावर जहाज उभं करून इंग्रजांनी दोन्हीकडे तोफ डागली आणि गोळा पडला तिथे सीमा आखली. गोष्ट इथेही सगळे सांगतात. खरं काम पॅरिसमध्ये टेबलावर झालं, ऑगस्ट १८८९ मध्ये. नदीच्या दोन्ही बाजूंना दहा दहा किलोमीटर इंग्रजांचे, बाकी फ्रेंचांचं. नकाशा नीट बघा. नदीने वळण घेतलं की सीमा परकाराने काढल्यासारखा कंस घेते. काढल्यासारखा म्हणायलाही नको, ती परकारानेच काढली आहे. कुठलं गाव, कुणाचं शेत, कुठली सोयरीक, काही बघितलं नाही. ही व्यवस्था टिकेल असं आखणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. १८६६ ते १८७६ या दहा वर्षांत इंग्रज ही नदी फ्रान्सला देऊन बदल्यात दुसरा मुलूख घ्यायची बोलणी करतच होते. बॅथर्स्टच्या व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला म्हणून ते बारगळलं. हौसेने कुणी मागितला नाही असा देश, अदलाबदल जमली नाही म्हणून उरला.

आणि उरला तो सेनेगलच्या पोटात. सेनेगलचा दक्षिणेकडचा कासामान्स प्रांत त्यामुळे तुटला. डकारहून तिकडे जायचं तर नदी ओलांडायची किंवा शेकडो किलोमीटरचा वळसा घालायचा. १९८१ मध्ये जावारा राजपुत्र चार्ल्सच्या लग्नाला लंडनला गेले असताना इथे बंड झालं, ते सेनेगलच्या फौजेने मोडलं. त्यानंतर दोन्ही देशांनी सेनेगांबिया नावाचा संघ केला. सात वर्षं रखडत चालला, १९८९ मध्ये मोडला. पूल बांधायची चर्चा मात्र त्याच्या आधीपासून चालू होती. फेरीचं उत्पन्न, सीमेवरचं भांडण, सरकारं बदलणं. कारणं बदलत राहिली आणि ट्रक रांगेत कधी कधी काही दिवस उभे राहिले. टोमॅटो सडले, गुरं मेली.

पूल झाला जानेवारी २०१९ मध्ये. लांबी साडेनऊशे मीटरच्या आत. दोन्ही देशांचे अध्यक्ष उद्घाटनाला होते. पुलावर गाडी थांबवता येत नाही, म्हणून ड्रायव्हरने ती चक्क गोगलगाईसारखी चालवली. खाली रुंद, मातकट पाणी. भरती होती, नदी उलटी, उगमाकडे चालली होती. जुन्या फेरीच्या धक्क्यावर चहाची दोन दुकानं उरली होती, बाकीची पुलामागे लागून उठून गेलेली.

पलीकडे जाऊन परत फिरलो. उत्तर काठाला पूल संपला तिथे मी ड्रायव्हरला किलोमीटरचा काटा बघून ठेवायला सांगितलं. फराफेन्नीचा बाजार गेला, शेंगांच्या पोत्यांनी लादलेले ट्रक गेले, एक मशीद, एक शाळा. सीमेवरच्या दोरीशी गाडी थांबली तेव्हा काटा अकराच्या जरा आत होता. रस्त्याची वळणं वजा केली की पॅरिसचा हिशेब बरोबर.

दोरीपलीकडे तीन किलोमीटरवर ड्रायव्हरची आतेबहीण राहते. तिच्यासाठी त्याने बांजुलहून सुकी मासळी आणली होती. आम्हाला अंगणात चटईवर बसवलं, भाजलेल्या शेंगांचं घमेलं पुढे ठेवलं आणि चौकशा सुरू झाल्या. सुमोलु ले? इबे जे. माझी पाळी आली तेव्हा मीही म्हटलं, आणि सगळं अंगण हसलं.

शेंगा सोलता सोलता भाच्याने विचारलं, तुम्ही दोघं फोनवर बोलता का? ड्रायव्हर म्हणाला, बोलतो, पण लिहीत नाही. त्याची शाळा इंग्रजी, तिची फ्रेंच. मांडिंका लिहायला दोघांनाही कुणी शिकवलं नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर एकमेकांना नुसता आवाज पाठवतात. त्याने फोन काढून एक ऐकवला. कोंबडा आरवत होता, मागे कुणीतरी उखळात कांडत होतं, आणि ती घाईघाईने विचारत होती, मासळी कधी आणतोस?